रायडर कप: आधी समजून घ्या, मग आपल्या मैदानावर भरवा

एरवी टीव्हीवर गोल्फ पाहणाऱ्याला रायडर कप लावला की पहिली अडचण येते ती तक्त्याची. ‘उणे बारा’, ‘उणे नऊ’ असं काहीच दिसत नाही. दिसते ती लाल आणि निळ्या रंगांची गर्दी, आणि कुठेतरी ‘२ अप’. कोण कितीव्या क्रमांकावर आहे हे शोधत बसलात तर तीन दिवस संपतील, कारण इथे क्रमांक नसतातच. अमेरिका आणि युरोप यांची ही सांघिक लढत: १२ विरुद्ध १२ खेळाडू, २८ स्वतंत्र सामने, प्रत्येकाला एक गुण. स्ट्रोकांची (फटक्यांची) बेरीज विसरलात की उरलेलं सगळं सोपं आहे.

स्ट्रोक नव्हे, होल मोजा

हा मॅच प्ले आहे. प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत. तुम्ही चारात संपवलं आणि समोरच्याने पाचात, तर होल तुमचा. त्याने पाचाऐवजी नऊ घेतले असते तरी तुम्हाला मिळणार एकच होल. म्हणून स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे सगळ्या फटक्यांची बेरीज धरणाऱ्या नेहमीच्या खेळात, जो शॉट वेडेपणाचा ठरेल तो इथे शहाणपणाचा असू शकतो: समोरचा फ्लॅगजवळ असेल तर पाण्यावरून मारण्यात गमवायचं काय? फार तर तो एक होल.

पुढे असलेला ‘अप’, मागे असलेला ‘डाउन’. बरोबरी असेल तर नियमांच्या पुस्तकात आता ‘टाय’ म्हणतात, पण जुने खेळाडू अजून ‘ऑल स्क्वेअर’च म्हणतात. शिल्लक होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. ‘३ अँड २’ म्हणजे तीन होलांची आघाडी आणि खेळायचे फक्त दोन बाकी, म्हणजे सामना सोळाव्या होलवर आटोपला. आघाडी आणि शिल्लक होल सारखे झाले की पुढचा ‘डॉर्मी’. मागच्याला आता एकही होल सोडून चालत नाही, अगदी बरोबरीतसुद्धा. अठराव्या होलनंतरही बरोबरी राहिली तर दोघांना अर्धा-अर्धा गुण. जादा होल खेळत नाहीत.

हा अर्धा गुण क्षुल्लक नव्हे. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये प्रेसिडेंट्स कप खेळणारा पहिला भारतीय ठरला. (रायडर कपमध्ये अमेरिका आणि युरोप एवढेच दोन संघ, त्यामुळे भारतीयाला तिथे वाट नाही. प्रेसिडेंट्स कप म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग.) दक्षिण कोरियातल्या इंचॉनमध्ये त्याचा एकेरी सामना ख्रिस कर्कशी अठराव्या ग्रीनपर्यंत बरोबरीत गेला. कर्कने लांबचा पट (ग्रीनवरून होलकडे घरंगळवलेला फटका) घातला, लाहिरीचा सुमारे चार फुटांचा कडेला लागून बाहेर राहिला. अमेरिका १५½–१४½ अशी जिंकली. तो पट पडला असता तर १५–१५.

बियाण्यांच्या व्यापाऱ्याचा कप

सॅम्युएल रायडर हा इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सचा बियाण्यांचा व्यापारी. एका पेनीला बियाण्यांचं एक पाकीट, तेही टपालाने घरपोच, यावर त्याने धंदा उभा केला. गोल्फ तो पन्नाशीच्या आसपास शिकला आणि एब मिचेल या व्यावसायिक खेळाडूला त्याने शिक्षक म्हणून ठेवलं. सोन्याच्या कपावर उभी असलेली मूर्ती मिचेलचीच आहे. १९२६ मध्ये वेंटवर्थला झालेला ब्रिटन-अमेरिका सामना अनौपचारिक धरतात. अधिकृत पहिला सामना जून १९२७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर कंट्री क्लबवर झाला. वॉल्टर हेगनच्या अमेरिकेने टेड रेच्या ब्रिटनला ९½–२½ असं हरवलं. ज्याची मूर्ती कपावर आहे तो मिचेल अपेंडिक्सच्या दुखण्याने बोटीवरच चढू शकला नाही.

तेव्हा एकूण १२ गुण असत: चार फोरसम्स (जोडीने, एकाच चेंडूने) आणि आठ एकेरी, प्रत्येक सामना ३६ होलांचा. लांब सामन्यात दुबळ्याला निसटायला जागा कमी. ब्रिटन १९२९, १९३३ आणि मग थेट १९५७ मध्ये जिंकलं, बाकी सगळं अमेरिकेच्या खिशात. १९६१ मध्ये सामने १८ होलांचे करून गुण दुप्पट, म्हणजे २४ केले. १९६३ मध्ये फोरबॉल (जोडीतल्या प्रत्येकाचा वेगळा चेंडू) आला, तिसरा दिवस आला आणि गुण ३२ झाले. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निक्लॉसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट सोडून दिला (न मारताच आत गेला असं मानलं) आणि निकाल १६–१६ लागला. खिलाडूवृत्तीचा दाखला म्हणून हा प्रसंग नेहमी सांगतात, पण एक तपशील वगळून: कप अमेरिकेकडेच होता आणि बरोबरीत तो तिथेच राहणार होता.

खरा बदल १९७९ चा. ब्रिटन-आयर्लंडच्या जोडीला खंडीय युरोप घ्यावा असं निक्लॉसने सुचवलं होतं, ते झालं. सेव्ह बायेस्तेरोस आणि अंतोनियो गारिदो हे पहिले दोन स्पॅनिश आत आले. आजचे २८ गुणही त्याच वर्षीचे. हिशोब बघा: त्याआधीच्या २२ रायडर कपांत अमेरिकेचे १८ विजय, ब्रिटनचे तीन, एक बरोबरी. तेव्हापासूनच्या २३ कपांत युरोपचे १३, अमेरिकेचे नऊ, एक बरोबरी. नुसता संघ बदलला म्हणून हे झालं असं म्हणणं अपुरं आहे. १८ होलांचे भरपूर सामने आणि त्यातले निम्म्याहून अधिक जोडीचे, ही रचनाच अशी आहे की कागदावरचा बलवान संघ अडखळू शकतो.

तीन दिवस, पाच सत्रं

शुक्रवार आणि शनिवार दोन-दोन सत्रं, प्रत्येक सत्रात चार सामने. म्हणजे एका सत्रात संघातले आठच खेळतात, चार बाहेर बसतात. रविवारी बाराही जणांचे एकेरी सामने. ८ फोरसम्स, ८ फोरबॉल, १२ एकेरी: बेरीज २८. सकाळी फोरसम्स घ्यायचे की फोरबॉल, हे यजमान कर्णधार ठरवतो.

फोरबॉल समजायला सोपा. चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतला कमी स्कोअर धरतात. एकाची वाट लागली तरी दुसरा सांभाळतो, म्हणून इथे बर्डींचा, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) एक कमी अशा स्कोअरचा, पाऊस पडतो. आपल्या जोडीची पाळी आली की दोघांपैकी कोणीही आधी खेळू शकतो, आणि हुशार जोड्या याचा फायदा घेतात: एकाने आधी पार पक्का करायचा, मग दुसऱ्याने बिनधास्त पट मारायचा.

फोरसम्स मात्र माणसाची परीक्षा पाहतो. जोडीचा एकच चेंडू, शॉट आळीपाळीने. टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) एक जण विषम होलांवर मारतो, दुसरा सम होलांवर. मागच्या होलचा शेवटचा पट कोणी मारला याचा संबंध नाही. पेनल्टीने पाळी बदलत नाही. गोंधळ होतो तो इथे: पहिल्याचा टी शॉट आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर) गेला तर टीवरून पुन्हा मारायचं जोडीदाराने. प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला असेल म्हणून मारून ठेवायचा राखीव चेंडूही जोडीदारच मारतो. चुकीच्या माणसाने मारलं की होल गेला. म्हणून सुरुवातीआधी स्कोअरकार्ड घेऊन बसायचं आणि पार-३ होल सम बाजूला जास्त आहेत की विषम, ते पाहायचं. ज्याचे आयर्न शॉट सरळ जातात त्याच्याकडे ती बाजू. लांब ड्राइव्ह मारणारा दुसऱ्या बाजूला.

एकेरीबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. क्रम मात्र बघण्यासारखा असतो.

चिठ्ठीवरचे क्रम

दोन्ही कर्णधार आपल्या जोड्यांची क्रमवार यादी एकमेकांची न पाहता देतात. माझा पहिला तुमच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. सध्या दोन्ही संघांत सहा जण पात्रतेच्या गुणांवर येतात आणि सहा कर्णधार निवडतो, त्यामुळे कर्णधाराचा हात लांब आहे.

चुका कुठे होतात ते इतिहासातच दिसतं. २००४ मध्ये ओकलंड हिल्सला अमेरिकेचा कर्णधार हॅल सटनने टायगर वुड्स आणि फिल मिकेलसन यांची जोडी केली. दोन बलाढ्य नावं, पहिल्याच दिवशी दोन पराभव. दोघांचा खेळ एकमेकांना पूरक नसेल तर फोरसम्समध्ये प्रत्येक जण दुसऱ्याच्या अडचणीतून चेंडू काढत बसतो. १९९९ मध्ये ब्रुकलाइनला युरोपचा कर्णधार मार्क जेम्सने तीन नवख्यांना रविवारपर्यंत एकदाही खेळवलं नाही. १०–६ अशी आघाडी होती, पण अमेरिकेने आपले तगडे खेळाडू सुरुवातीला लावून पहिले सहा एकेरी सामने जिंकले. ते तिघे न तापलेल्या इंजिनासारखे थेट चढावर लागले. २००२ मध्ये बेल्फ्रीला उलटं: युरोपच्या सॅम टॉरन्सने कॉलिन माँटगोमेरीला पहिल्या क्रमांकावर सोडलं, अमेरिकेच्या कर्टिस स्ट्रेंजने वुड्सला बाराव्यावर ठेवलं. वुड्सच्या सामन्याचा निकाल लागेपर्यंत कप ठरून गेला होता. २०१२ मध्ये मेडिनाला युरोपने तोच धडा वापरला. १०–६ मागे असताना पहिले पाच सामने घेतले आणि १४½–१३½ असं जिंकलं.

मैदान तयार करायचा हक्क यजमानाचा, हेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर फेअरवे अरुंद आणि बाजूचं गवत दाट ठेवलं होतं. लांब मारण्यावर भिस्त असलेल्या अमेरिकेचे ड्राइव्ह त्या गवतात अडकत राहिले, १७½–१०½.

साडेचौदा, चौदा आणि बंद पाकीट

कप परत मिळवायला १४½ गुण लागतात. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याला १४ पुरतात. २०२५ मध्ये बेथपेजला युरोप दोन दिवसांनंतर ११½–४½ पुढे होता. म्हणजे रविवारी बारांपैकी अडीच गुण हवे होते, आणि तेही मिळवताना घाम फुटला. युरोपच्या शेन लाउरीने अठराव्यावर पट घालून अर्धा गुण आणला तेव्हा १४ झाले. शेवटी १५–१३.

त्याच रविवारी युरोपचा व्हिक्टर होव्हलँड दुखापतीमुळे खेळू शकला नाही आणि पाकिटाचा नियम लोकांना आठवला. एकेरीआधी प्रत्येक कर्णधार एका बंद पाकिटात एक नाव देतो. समोरच्या संघातला कोणी जायबंदी झाला तर त्या नावाच्या खेळाडूलाही बसवतात आणि दोन्ही संघांना अर्धा गुण. अमेरिकेच्या पाकिटात हॅरिस इंग्लिशचं नाव होतं. १९७९, १९९१ आणि १९९३ मध्येही हे घडलं होतं. नियम अन्यायाचा आहे अशी ओरड दर वेळी होते, पण पूर्ण गुण समोरच्याला दिला तरी ओरड होईलच.

आता आपल्या क्लबवर

पुण्याचं येरवडा असो की मुंबईतलं चेंबूर, १६ जण आणि एक शनिवार-रविवार एवढं पुरतं. मूळ स्वरूप जसंच्या तसं उचलू नका. व्यावसायिक दिवसाला ३६ होल चालतात. हौशी माणूस, त्यात ऑक्टोबरचं ऊन, दुपारी गळून पडतो आणि शेवटचे सामने कोणी मन लावून खेळत नाही.

आधी संघ पाडा. सोळा जणांची हँडिकॅपप्रमाणे (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या स्ट्रोकांच्या सवलतीप्रमाणे) यादी करा आणि नागमोडी वाटा: १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ एका बाजूला, २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५ दुसऱ्या. क्रमांकांची बेरीज दोन्हीकडे ६८ येते. कर्णधारांना एकेक खेळाडू निवडू देण्यात मजा असते, पण शेवटी उरलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला पहिल्या नऊ होलांवर चार फोरसम्स, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. नऊ-सव्वानऊपर्यंत आटोपतात. चहा-नाश्ता, मग साडेनऊपासून मागच्या नऊवर चार फोरबॉल. फोरसम्स आधी घ्यायचं कारण साधं आहे: तो भरभर होतो आणि ऊन चढायच्या आत डोकं शांत लागतं. रविवारी १८ होलांचे आठ एकेरी, एका गटात दोन सामने. एकूण १६ गुण. जिंकायला साडेआठ, कप आधीच आपल्याकडे असेल तर आठ.

हँडिकॅपचा हिशोब शुक्रवारीच कागदावर करून ठेवा, टीवर उभं राहून नको. एकेरीत दोघांच्या कोर्स हँडिकॅपमधला (त्या मैदानासाठीच्या हँडिकॅपमधला) पूर्ण फरक द्यायचा: आठवाला आणि एकोणीसवाला असतील तर एकोणीसवाल्याला स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम) १ ते ११ च्या होलांवर सवलतीचा एकेक स्ट्रोक. फोरबॉलमध्ये प्रत्येकाचे ९० टक्के काढा, पूर्णांकात आणा आणि सगळ्यात कमी असलेल्याला शून्य धरा. समजा चौघे ६, १२, १८ आणि २५ चे आहेत. ९० टक्के म्हणजे ५, ११, १६, २३. पाच वजा केले की ०, ६, ११, १८. फोरसम्समध्ये जोडीची बेरीज करून फरकाचा निम्मा: ६ आणि १८ ची जोडी २४, १२ आणि २५ ची ३७, फरक १३, निम्मा साडेसहा, म्हणजे ७ स्ट्रोक दुसऱ्या जोडीला. नऊ होलांच्या सामन्यात वेगळं गणित करू नका. १८ होलांचे स्ट्रोक काढा आणि खेळायच्या नऊ होलांपैकी ज्यांचा इंडेक्स त्या आकड्याच्या आत आहे तिथेच द्या.

कर्णधारांकडून याद्या एकाच वेळी, बंद पाकिटातून घ्या. शनिवारी प्रत्येकाला दोन्ही सत्रांत खेळायला मिळतंय, तेव्हा कोणाला बसवण्याचा प्रश्न येत नाही. रविवारच्या यादीबरोबर दुखापतीचं पाकीटही घ्या. आदल्या रात्रीचं जेवण जड झाल्याने सकाळी न उगवणारा एखादा निघतोच.

भांडणं कुठे होतात

नव्वद टक्के भांडणं पट देण्यावरून होतात. मॅच प्लेमध्ये समोरच्याचा पट सोडता येतो. दिला की दिला; मागे घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. पण तो स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. २०१५ च्या सोल्हाइम कपमध्ये, म्हणजे महिलांच्या अशाच स्पर्धेत, अमेरिकेच्या ॲलिसन लीने सतराव्या होलवर सुमारे दीड फुटाचा पट दिलाच आहे असं समजून चेंडू उचलला. दिलेला नव्हता. होल गेला, सामना गेला आणि समोरच्या जोडीतल्या सुझान पेटरसनवर टीका झाली. आपल्याकडे ठरवून टाका: ‘दिला’ हा शब्द ऐकू आल्याशिवाय चेंडू उचलायचा नाही. मान हलवणं किंवा पुढच्या टीकडे चालू लागणं धरायचं नाही.

फोरबॉलमध्ये आणखी एक खाच आहे. तुमचा पट दिल्यावर तो तरीही मारून जोडीदाराला रेषा दाखवलीत, तर त्या होलला जोडीदाराचा स्कोअर धरत नाहीत.

पाळी चुकली तर एकेरी-फोरबॉलमध्ये दंड नाही, मात्र समोरचा तो शॉट रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. तेही लगेच, पुढचा शॉट व्हायच्या आत. शॉट आत पडल्यावर आठवण होणं नियमात बसतं, मैत्रीत बसत नाही. मिळालेला स्ट्रोक धरायचा राहिला असेल तर तो दोघांपैकी कोणी पुढच्या होलचा टी शॉट मारायच्या आत सांगा. नंतर मान्य झालेला निकालच कायम.

आणि पावसाचं आधीच लिहून ठेवा. २०१० मध्ये वेल्समधल्या सेल्टिक मॅनरला पावसाने इतका वेळ खाल्ला की सत्रं जोडून बाराही जणांना एकाच वेळी मैदानावर उतरवलं, आणि तरी एकेरी सोमवारी गेले. क्लबला सोमवार नसतो. नऊ होल पूर्ण झालेला एकेरी सामना त्या स्थितीत धरायचा, त्याआधी थांबलेला अर्धा-अर्धा, असं काहीही चालेल, फक्त ते पहिला चेंडू टीवर ठेवायच्या आधी दोन्ही कर्णधारांच्या सहीने कागदावर असू द्या.